उन्हात वाळवलेले माहितीपट

दिनांक २३ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये पंचवीस हजार. ठिकाण रत्नागिरीतलं माझं घर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि मुंबईहून आलेल्या एक चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, ज्यांना मी पहिल्यापासून मॅडम म्हणत आलो आहे.

मॅडमनी आयुष्यभर माहितीपट काढले. त्यातला एक आमच्या जिल्ह्यातला, नाटे गावाच्या किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायकांवरचा. लांबी बावन्न मिनिटं. त्याला देशात एक आणि परदेशात दोन पारितोषिकं मिळाली होती. जुने चित्रपट जपणारी एक संस्था आता त्यांच्या सगळ्या कामाच्या नव्या प्रती करून ठेवणार होती. बाकीचे चित्रपट मिळाले, हा एक मिळत नव्हता. मूळ टेपला बुरशी धरली होती, यंत्रात घातली की चिकटत होती. मॅडमच्या स्वतःच्या प्रती घरात पाणी शिरलं तेव्हा गेल्या. संस्थेचं पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चालणारी प्रत ज्याच्याकडे असेल त्याला पंचवीस हजार रुपये देऊ, असा त्यात मजकूर होता.

"मला संस्थेतल्या बाईंना सांगायला लाज वाटली," मॅडम म्हणाल्या, "की माझ्या फिल्मची एकमेव प्रत रत्नागिरीत एका गृहस्थांच्या कपाटात आहे. मग म्हटलं, लाज कसली? निदान कोणाच्या तरी कपाटात आहे."

हे ऐकून मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही. माझ्याकडे त्या दिवशी दोनशे सत्त्याऐंशी माहितीपट होते. त्यातले दोनशे सेहेचाळीस बाजारात विकत मिळणाऱ्या, कारखान्यात छापलेल्या डिस्कवर. उरलेले एकेचाळीस असे, की ते कधी विक्रीला आलेच नाहीत. ते काढणाऱ्यांना मी पत्रं लिहिली, परतीचं पाकीट तिकीट लावून सोबत पाठवलं आणि त्यांनी घरच्या संगणकावर प्रत काढून मला दिली. मॅडमनी २००९ मध्ये अशीच दिली होती. माझ्या यादीत तिचा नंबर १३१.

मी पाणी योजनांची मोजमापं घेणाऱ्या खात्यात आहे. सिनेमाचं शिक्षण नाही. कॉलेजात असताना एका संध्याकाळी वर्गाच्या भिंतीवर दाखवलेला एक माहितीपट पाहिला, त्यात विहीर खणणारी माणसं होती आणि ती विहीर खणतच होती, कोणी गाणं म्हटलं नाही की कोणी मेलं नाही. मला वाटलं, हे असं कोणी दाखवतं? तिथून सुरुवात. पगार सुरू झाल्यावर दरमहा एक घ्यायचा ठरवलं आणि लग्नानंतरही ते चुकवलं नाही. बायकोने सुरुवातीला एकदाच विचारलं, "ह्यात गोष्ट कुठंय?" आणि नंतर माझ्या आधी येऊन बसू लागली.

डिस्क मी लोकांना पाहायला देत असे. त्यासाठी वही होती, वहीच्या पहिल्या पानावर पाच नियम होते आणि नेणाऱ्याला ते वाचून त्या डिस्कच्या पानावर सही करावी लागे. पहिला नियम, चौदा दिवसांत परत. चौथा नियम, नक्कल काढू नये. चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटे. ज्यांनी विश्वासाने प्रत दिली त्यांचं काम मी गावभर वाटत सुटलो असं व्हायला नको होतं. डिस्क परत आली की पहिली पाच मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं लावून पाहायची आणि वहीत 'ठीक' असं लिहायचं. शेवटची नोंद २०१९ ची आहे. त्यानंतर लोक फोनवर पाहू लागले.

तर त्या रविवारी मी १३१ काढली. ओरखडा नाही, डाग नाही. मॅडमनी हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, "अहो, ही मी दिली तेव्हापेक्षा स्वच्छ आहे."

"दरवर्षी पुसतो," मी म्हणालो.

प्लेअरमध्ये घातली. पडद्यावर अक्षरं आली: डिस्क नाही. काढली, पुन्हा घातली. डिस्क नाही. दुसरा प्लेअर माळ्यावर होता, तो उतरवला. मग मुलीचा जुना लॅपटॉप. तोही थोडा वेळ घुरघुरला आणि गप्प झाला.  मॅडमनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

मी १३२ लावली, ती छापील होती, लगेच चालली. १३४ घरगुती, नाही चालली. १४० घरगुती, नाही.  मॅडमनी १४० उलटी केली आणि खालचा रंग पाहिला. घरगुती डिस्कची खालची बाजू जांभळट असते. हिची फिकट, जवळजवळ पांढरी झाली होती.

"ह्या कुठे ठेवता तुम्ही?"

"कपाटात. बंद."

"उजेड लागत नाही?"

"अजिबात नाही," मी म्हणालो, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मे महिन्यात सोडून."

इथे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे पावसाळा चार महिने घरात येऊन राहतो. चपलेला, पुस्तकाला, देवाच्या फोटोमागच्या पुठ्ठ्याला, सगळ्याला बुरशी येते. म्हणून मे महिन्यात जे काही आहे त्याला ऊन दाखवायचं. गाद्या, मिरच्या, पापड, कोकमं, लग्नातले शालू. २०१२ च्या पावसात माझ्या काही छापील डिस्कवर बुरशीचे ठिपके आले, तेव्हापासून मी त्यांनाही ऊन दाखवू लागलो. गच्चीवर स्वच्छ चादर, त्यावर डिस्क ओळीने, चमकती बाजू वर, कारण बुरशी त्या बाजूला होती. दोन दिवस, दहा ते चार. दर तासाला एकदा फिरवायच्या. सन २०१३ ते २०२४, बारा वर्षं, चोवीस दिवस. मी एकही वर्ष चुकवलं नव्हतं.

"छापलेल्यांना काही होत नाही," मॅडम हळू म्हणाल्या. "घरी काढलेल्यांत एक रंग असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. तो उन्हाने उडतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

"मी विचारलं नाही."

"मी मुंबईत सगळ्यांना सांगायचे," त्या म्हणाल्या, "माझी फिल्म रत्नागिरीच्या लॉकरमध्ये आहे."

"लॉकरच आहे हो," बायको म्हणाली. "मला फडकंसुद्धा लावू देत नाहीत. फक्त सूर्याला देतात."

मॅडम हसल्या. पण हसणं संपल्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मला पाहवला नाही. त्यांनी तो चित्रपट सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या वयात काढला होता. दोन हंगाम नाट्यात राहून. त्या म्हणाल्या, "त्यातल्या बायका आता नसतील. मीच आहे, आणि मला आता सगळं आठवतही नाही."

त्या वेळी मला वहीशिवाय काही सुचलं नाही. १३१ चं पान काढलं. तीन नावं होती. पहिले माझे ऑफिसातले सहकारी, वारले. दुसरे एक प्राध्यापक, त्यांनी न पाहताच परत केल्याचं मला ठाऊक होतं. तिसरं नाव नाट्याच्या एका बाईंचं, जानेवारी २०१६.

तिथल्या टाकीची गळती मोजायला गेलो असताना बोलता बोलता मी हा माहितीपट सांगितला, तर पाणी भरायला आलेली एक बाई म्हणाली, "त्यात माजी आयस हाय." आई त्यात असूनही तिने तो कधी पाहिलाच नव्हता. कोकणात दाखवलाच नव्हता कोणी. मी पुढच्या फेरीला डिस्क नेऊन दिली. तिने ती चौदाऐवजी एकतीस दिवसांनी परत केली आणि पाकिटाला सुकटाचा वास येत होता. वहीत माझ्याच अक्षरात होतं: 'उशीर १७ दिवस. नक्कल काढली का विचारले, नाही म्हणाल्या. यापुढे देऊ नये.'

मी वहीतला त्या ताईचा नंबर लावला. स्पीकर सुरू ठेवला.

"कोण? डिस्कवाले साहेब?" ताई म्हणाली. "अवो मी परत दिलीय तुमची. किती वर्सं झाली!"

"दिलीत. एकतीस दिवसांनी."

"अजून दिवस मोजताय व्हय?"

"ताई, एक खरं सांगा. तेव्हा तुम्ही तिची कॉपी काढली होती का?"

पलीकडे कोंबड्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मी तेवा नाय म्हटलं होतं ना?"

"हो. वहीत लिहिलंय तसं."

"मग झालं तर."

बायकोने माझ्या हातातला फोन घेतला. "ताई, मी ह्यांची बायको. ह्यांचं ऐकू नका. ज्यांनी फिल्म काढली त्या मॅडम इथे बसल्यात. त्यांच्याकडे राहिली नाही आणि आमच्याकडची ह्यांनी वाळत घालून मारली."

"वाळत घालून?"

"गच्चीवर. पापडासारखी."

ताई इतकी मोठ्याने हसली की फोन चिरकला. मग म्हणाली, "हाय. पेनात हाय माज्याकडे. आता सांगा, दंड किती लावताव?"

मॅडमनी चष्मा पुन्हा घातला.

सोमवारी मी रजा टाकली आणि आम्ही तिघं मॅडमच्या गाडीने नाट्याला गेलो. वाटेत मॅडम मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पूर्ण असेल का? मी सांगितलं की मी घड्याळ लावून पाहीन. अर्धी निघाली असती तर संस्थेच्या पत्राला अर्थ नव्हता, आणि माझ्या रजेलाही.

ताईचं घर खाडीच्या अंगाला आहे. ती पंचावन्नच्या पुढची असेल. ती आणि तिघी जणी मिळून सुकी मासळी करून विकतात. आम्ही पोचलो तेव्हा घरात सात-आठ बायका आधीच बसलेल्या होत्या. मला वाटलं मॅडमना पाहायला आल्या असतील. तसं नव्हतं. फिल्म लागणार म्हणून आल्या होत्या.

"दरवर्सी लावते," ताईने सांगितलं. "आयशीच्या तिथीला. जेवणं झाली की सगळी बसतात."

तेव्हा खोटं का सांगितलं हे मी तिला विचारणार नव्हतो, तिनेच सांगितलं. चहा देता देता, माझ्याकडे न बघता. "साहेब, तुमच्या वहीत सही केलीवती मी, नक्कल काडनार नाय म्हणून. पन आयशीचा फोटो एकच, आधार कार्डाचा. त्यात ती माजी आयस वाटतच नाय. आनि हितं ती चालतेय, बोलतेय. ती मी पाकिटात घालून परत कशी देनार, सांगा बघू?"

मी चहाचा कप घेतला.

"राजापूरच्या दुकानात तीन वेळा गेलंय मी. एकदा त्याचा कॉम्प्युटर बंद, एकदा लाइट नाय. म्हणून ते सतरा दिवस."

मग तिने टीव्हीच्या मागे हात घालून पेन ड्राइव्ह लावला. मी घड्याळात वेळ पाहिली, अकरा वाजून चार मिनिटं.

चित्र स्वच्छ होतं. पहाटेचा किनारा, होड्यांतून उतरणाऱ्या मासळीच्या पाट्या, वाळूवर पसरलेली जाळी. मी हा चित्रपट पाच वेळा पाहिला आहे, पण त्यातल्या माणसांच्या घरात बसून कधी पाहिला नव्हता. तिथल्या बायका चित्रपट पाहत नव्हत्या, त्यातल्या लोकांशी बोलत होत्या. "ती बघ तुजी सासू, तेवा पन तसलीच." "ह्या पोराला आता सोताची पोरं." एकीने पडद्यावरच्या स्वतःला पाहून तोंडावर पदर घेतला, दर वर्षीच घेत असावी, कारण शेजारच्या दोघींनी तो न बघताच ओढून काढला.

विसाव्या मिनिटाच्या सुमारास एक उंच, काळी, हाडकुळी बाई आली. गुडघ्यावर बसून बांगडे उलटत होती.  त्या बाईने मान वर केली, थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि ती बोलायच्या आधीच खोलीतल्या सगळ्याजणी एका सुरात म्हणाल्या:

"ए बाय, तुजी सावली काड गो तिथून! मासळीवर पडतेय!"

मग पडद्यावरची बाई तेच बोलली. सगळ्या हसल्या. ताई हसली नाही, ती ओठ हलवत राहिली, आयस पुढे जे जे बोलते ते सगळं.

मॅडम माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हे कापलं जाणार होतं. संकलन करणारा म्हणाला, ही कॅमेऱ्याशी बोलतेय, चूक आहे, काढून टाका. दोन दिवस भांडलो आम्ही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मला वाटायचं पारितोषिक किनाऱ्याच्या त्या लांब दृश्याला मिळालं."

अकरा छप्पनला शेवटची नावं संपली. बावन्न मिनिटं. मध्ये कुठे तुटलं नाही, आवाज गेला नाही. मी मॅडमना सांगितलं, "पूर्ण आहे." त्यांनी उठून ताईचे दोन्ही हात धरले. ताई म्हणाली, "मॅडम, तुमी तेवा आमच्याच ओट्यावर झोपायच्यात. मी लग्न होऊन गेलीवती, हितं परत आले ती मागनं. आयस सांगायची, मुंबयची बाय, भाकरी जाड थापते."

"अजून जाडच थापते," मॅडम म्हणाल्या.

नंतर मॅडमनी पत्र काढलं. त्या म्हणाल्या, रक्कम दोघांत निम्मी करू. प्रत मुळात माझ्याकडून गेली होती, आणि वही नसती तर कोणाला फोन करायचा तेही कळलं नसतं.

"नको," मी म्हणालो. "पत्रात 'चालणारी प्रत ज्याच्याकडे असेल' असं आहे. माझ्याकडे नाही."

"पन मी तर चोरून काडलीय," ताई म्हणाली.

"चोरून काढली ती उरली," बायको म्हणाली. "सांभाळून ठेवली ती गेली. घ्या तुम्ही."

ताईने मला विचारलं, "तुमाला राग नाय ना, साहेब?"

राग होता, पण तिचा नव्हता. तसं मी सांगितलं.

"मग घेते," ती म्हणाली. "मासळी सुकवायच्या ओट्याला सिमेंट घालायचंय."

तिथेच मॅडमच्या लॅपटॉपवर प्रत घेतली, दुसरी माझ्या हार्ड डिस्कवर. परतताना गाडीत ताईने दिलेली सुकट होती आणि मॅडम पुण्यामुंबईच्या सगळ्या ओळखीच्यांना फोन करून सांगत होत्या की सापडली.

घरी आल्यावर मी सगळ्या एकेचाळीस घरगुती डिस्क तपासल्या. तीन अडखळत चालल्या. अडतीस मेल्या होत्या. मग वही घेऊन बसलो आणि ज्यांनी ज्यांनी त्या कधी नेल्या होत्या त्यांना एकेक फोन केला. वाक्य ठरवलं होतं: "तुम्ही तेव्हा नक्कल काढली असेल तर फार बरं झालं. खरं सांगा." पहिल्यांदा सगळे नाही म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशी परत फोन यायचा. आंजर्ल्याच्या एका मास्तरांकडे सात निघाल्या. माझ्या हाताखालच्या एका शिपायाकडे दोन, तो तर रोज समोर बसत होता. नाट्याची धरून एकूण चौदा परत मिळाल्या. चोवीस गेल्या त्या गेल्या. त्या काढणाऱ्यांना मी पत्रं लिहिली आणि काय घडलं ते सरळ सांगितलं. काहींनी नवी प्रत पाठवली, काहींकडे राहिलीच नव्हती.

पहिल्या पानावरचा चौथा नियम मी खोडला. त्याजागी लिहिलं, 'नक्कल काढल्यास कळवावे.'

संस्थेला चित्रपटाची प्रत कुठून मिळाली याची नोंद ठेवायची होती. त्यांच्या तिथल्या मुलीने मला फोन करून १३१ च्या पानाचा फोटो मागितला. मी म्हटलं, त्यात 'यापुढे देऊ नये' असं लिहिलंय, ते झाकू का? ती म्हणाली, नको, ते सगळ्यात चांगलं आहे. आता त्या चित्रपटाच्या कागदपत्रांत माझ्या हस्ताक्षरातलं ते पान आहे, ताईच्या सहीसकट. माझ्या दोनशे सत्त्याऐंशी माहितीपटांपैकी एकातही माझं नाव नाही, पण त्या कागदात माझी वही आहे, आणि हे मी येईल त्याला सांगतो. बायको म्हणते, दूधवाल्यालासुद्धा सांगितलंत.

दिनांक १८ मार्चला संस्थेने रक्कम दिली. रुपये पंचवीस हजार, एकरकमी, नाट्याच्या ताईच्या बँक खात्यात.